माशी मोकळी वाहू द्या : तीर्थन नदीवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग

गळाने मासे धरण्याच्या नेहमीच्या पद्धतीत वजन दोरीच्या टोकाला असते. शिसे किंवा आमिष पुढे झेपावते आणि बारीक दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटे आहे. गळाभोवती पिसे आणि लोकर गुंडाळून बनवलेली १४ नंबरची माशी (नंबर जितका मोठा तितका गळ लहान) इतकी हलकी असते की ती नुसती फेकली तर पायाशीच पडेल. इथे फेकायची असते ती जाड, वजनदार लाइन. माशी तिच्या शेवटी बांधलेली असते म्हणून जाते. हे एकदा हाताला कळले की फेकीतल्या निम्म्या चुकांचे कारण आपोआप सापडते.

पण फेक हा अर्धाच भाग झाला. पाण्यात पडलेली माशी प्रवाहाबरोबर मोकळी वाहिली पाहिजे. लाइनने तिला किंचित जरी ओढले तरी ट्राउट तिच्याकडे पाठ फिरवतो. वीस मीटर फेकून माशी ओढत आणणाऱ्यापेक्षा सहा मीटरवर ती मोकळी वाहवणाऱ्याला जास्त मासे लागतात. त्यामुळे या लेखात लांब फेकीवर आम्ही फारसा वेळ घालवलेला नाही.

नदी, हंगाम, परवाना

ब्राउन ट्राउट हा मूळचा युरोपातला मासा. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून तो काश्मीरमध्ये रुजला आणि तिथून १९०९ च्या सुमारास कुल्लू भागात आला. हिमाचलमधली तीर्थन नदी शिकायला उत्तम आहे. ती फार रुंद नाही, धोंड्याधोंड्यांतून खळाळत येते आणि तिच्यावर दर दहा-पंधरा पावलांवर मासा असण्याजोगी जागा मिळते. मंडी-कुल्लू रस्त्यावर औटच्या बोगद्याआधी लारजीकडे वळायचे, तिथून बंजार आणि पुढे गुशैणी. वरचे खोरे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जाते. तिथले नियम वेगळे आहेत, त्यामुळे उद्यानाच्या हद्दीबाहेरच गळ टाका.

मासेमारीचा परवाना राज्याच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. किती मासे ठेवता येतात आणि त्यांची किमान लांबी किती, हे परवाना घेतानाच विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदी बंद असते, कारण थंडीत ब्राउन ट्राउट बारीक खडीत खळगा करून अंडी घालतो. मार्चच्या सुरुवातीला खडीत पिल्ले असू शकतात. उथळ पाण्यात आजूबाजूच्या तळापेक्षा स्वच्छ आणि फिकट दिसणारा खडीचा पट्टा असला तर त्यावर पाय देऊ नका.

पुणे-मुंबईहून जाणाऱ्याने मार्च-एप्रिल किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर निवडावा. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी चढते, जुलै-ऑगस्टमध्ये ते गढूळ होते. बर्फवितळीच्या दिवसांत पहाटे पाणी निवळ पण फार थंड असते आणि दुपारनंतर ते चढू व गढुळू लागते. म्हणून सकाळी नऊ ते एक ही वेळ सर्वांत भरवशाची. शरद ऋतूत मात्र संध्याकाळचा शेवटचा तासही सोडू नये. साधा थर्मामीटर जवळ ठेवा. ८ ते १६ अंश सेल्सिअसमध्ये ट्राउट चांगला खातो. पाणी २० अंशांच्या वर गेले तर थांबा, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि दमलेला मासा सोडला तरी मरतो.

साहित्य

९ फुटांचा, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा, मध्यम-जलद वाकणारा रॉड घ्या. तो विमानात नेता येतो आणि तीर्थनवर सगळी कामे करतो. लाइनही ५ नंबरचीच हवी, तरंगणारी आणि पुढच्या भागात वजन असलेली, म्हणजे खोक्यावर डब्ल्यूएफ-५-एफ लिहिलेली. हा नंबर लाइनच्या वजनाचा असतो. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅमचे असतात आणि तेवढ्या वजनाने वाकेल असाच रॉड बनवलेला असतो. ५ च्या रॉडवर ३ ची लाइन चढवली तर रॉड वाकणारच नाही, आणि शिकणारा मात्र दोष आपल्या हाताला देत बसेल. पैसे वाचवायचे असतील तर रीलमध्ये वाचवा, लाइनमध्ये नको. या नदीत रीलचे मुख्य काम लाइन साठवण्याचे आहे.

जोडणी आतून बाहेर अशी करायची. रीलच्या दांड्याला आर्बर गाठीने २० पौंडी डेक्रॉनची साधारण ५० मीटर बॅकिंग, म्हणजे लाइनमागची राखीव दोरी बांधा. तिला नेल गाठीने लाइन जोडा. लाइनच्या टोकाच्या लूपमध्ये लीडरचा लूप अडकवा. लीडर म्हणजे टोकाकडे निमुळता होत जाणारा ९ फुटी नायलॉनचा धागा. शेवटी ५०-६० सेंटिमीटर टिपेट, म्हणजे माशी बांधायचा बारीक धागा, सर्जन गाठीने जोडा. मग लीडर कापून आखूड झाला तरी फक्त टिपेट बदलून भागते.

टिपेटची जाडी ‘एक्स’मध्ये मोजतात आणि आकडा वाढला की धागा बारीक होतो. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. माशीच्या नंबराला ३ ने भागले की योग्य एक्स निघतो : १४ नंबरला ५एक्स, १२ ला ४एक्स. धागा जाड पडला तर माशी ताठ वाहते, बारीक पडला तर फेकताना पीळ बसतो.

माशी इम्प्रूव्हड क्लिंच गाठीने बांधा. टोक कडीतून ओवून धाग्याभोवती पाच वेढे द्या, कडीजवळच्या फटीतून आणि मग नव्या मोठ्या फासातून परत काढा. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होते. मासा तुटून गेला आणि धाग्याच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ दिसला, तर धागा तुटलेला नसून गाठ सुटलेली असते.

माश्यांची पेटी लहान ठेवा. तरंगणाऱ्यांत पॅराशूट अॅडम्स १४ व १६ आणि एल्क हेअर कॅडिस १२ व १४. बुडणाऱ्यांत मण्यासह फेझंट टेल आणि हेअर्स इअर १४ व १६, काहींना ३ मिलिमीटरचा टंगस्टनचा मणी. शिवाय एक-दोन वूली बगर, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या मोठ्या माश्या. प्रत्येकीच्या तीन-तीन ठेवा, कारण धोंडे आणि झाडे त्यांचा वाटा घेणारच. सर्व गळांचे काटे चिमट्याने दाबून सपाट करा. ध्रुवीकृत चष्मा विसरू नका : त्याने पाण्याखालचे दिसते आणि डोळ्यांना गळापासून संरक्षणही मिळते.

फेक : घरी गवतावर

नदीवर पोचल्यावर फेक शिकू असा बेत असेल तर पहिले दोन दिवस झाडांतून लाइन सोडवण्यातच जातात. जाण्याआधी महिनाभर मैदानात रोज १५-२० मिनिटे सराव करा. आठवड्यातून एकदा तीन तास केल्याने हात दुखतो आणि चुका पक्क्या होतात. लीडर लावूनच सराव करा, माशीऐवजी टोकाला लोकरीचा छोटा गोंडा बांधा. लीडर नसेल तर लाइनचे टोक फटकारून तडकते. डांबर किंवा सिमेंटवर लाइन खरवडते, त्यामुळे गवतच बघा. टोपी आणि चष्मा घाला.

१. समोर ८ मीटर लाइन सरळ पसरा. रॉडचे टोक जमिनीजवळ ठेवा. अंगठा मुठीच्या वरच्या बाजूला. दुसऱ्या हातात लाइन धरा, तो हात आणि रॉडची पहिली कडी यांच्यात ढील असता कामा नये.

२. रॉड सावकाश उचला. लाइन ताणली जाऊन फक्त लीडर जमिनीवर उरेपर्यंत घाई नको.

३. आता वेग वाढवत मागे न्या आणि टोक घड्याळातल्या एकच्या जागी आले की एकदम थांबवा. शेवटी वेग सर्वांत जास्त, आणि लगेच थांबा. या थांब्यानेच वाकलेला रॉड सरळ होतो आणि लाइनला फेकतो.

४. वाट बघा. लाइन मागे उलगडून सरळ व्हायला हवी. मान वळवून खुशाल बघा. लाइन जितकी लांब तितकी वाट मोठी.

५. पुढे न्यायलाही सुरुवात सावकाश, मग वेग, आणि दहाच्या जागी पुन्हा एकदम थांबा.

६. लाइन खाली येऊ लागली की तिच्याबरोबर रॉडही उतरवा.

थांब्याच्या वेळी रॉडच्या टोकाने सरळ रेषेत प्रवास केलेला असावा. रेषा सरळ असली की लाइनचा लूप, म्हणजे उलगडताना हवेत होणारे तिचे वळण, चिंचोळा होतो आणि वाऱ्यातूनही जातो. टोक कमानीत फिरले तर लूप रुंद होतो आणि सगळा जोर हवेत जिरतो. शिकणाऱ्याच्या बाबतीत याला बहुतेक वेळा मनगट जबाबदार असते : ते मागे मोडते, रॉड तीन-चारच्या जागी जातो आणि लाइन मागच्या गवतात आपटते. उपाय साधा आहे. रॉडचा बुडखा बाहीत खोचा किंवा रबराने मनगटाजवळ हाताला बांधा. मनगट मोडले की लगेच जाणवेल.

मागे फटाक्यासारखा आवाज आला तर तुम्ही लाइन उलगडण्याआधीच पुढे आलात. नदीवर अशा आवाजासरशी माशी तुटून जाते. लाइन पुढे ढिगासारखी पडत असेल तर थांबा नीट झालेला नाही, किंवा उचलताना ढील राहिली होती. लीडरवर आपोआप बारीक गाठी पडू लागल्या तर वाऱ्याला दोष देऊ नका. जोर सुरुवातीलाच दिल्यामुळे रॉडचे टोक मध्येच खाली दबते आणि लूपची वरची बाजू खालच्या बाजूत अडकते. अशी गाठ दिसताच टिपेट बदला, कारण त्या जागी धाग्याची ताकद साधारण निम्म्यावर येते.

हवेत लाइन पुन्हापुन्हा पुढे-मागे खेळवणे दिसायला सुरेख, पण नदीवर एक किंवा दोन फेऱ्या पुरेत. प्रत्येक जादा फेरी माशाला सावली दाखवते.

तीर्थनच्या काठाला बऱ्याच ठिकाणी झाडे आणि कडे आहेत, मागे लाइन न्यायला जागाच नसते. तिथे रोल फेक लागते. ती गवतावर नीट जमत नाही, कारण लाइनला पाण्याची पकड हवी. तळ्यावर सराव करा. लाइन पाण्यावरून सावकाश ओढत रॉड कानाजवळ, एकच्या जागी आणा. लाइन खांद्यामागे लोंबून पोट धरेल. क्षणभर थांबा, टोकाकडची लाइन पाण्याला चिकटू द्या. मग वेग वाढवत पुढे या आणि दहाच्या थोडे वर थांबा. लाइन चाकासारखी उलगडत जाते. उजव्या हाताने उजव्या बाजूला फेकताना नेम पाण्यावर पडलेल्या लाइनच्या डावीकडे हवा. तिच्यावरून ओलांडून फेकले की गुंता ठरलेलाच.

पाणी वाचणे

ट्राउटला तीन गोष्टी हव्यात : समोरून वाहत येणारे अन्न, उभे राहायला मंद पाणी आणि जवळ लपायला आडोसा. तिन्ही एकत्र कुठे मिळतील ते शोधा. मोठ्या धोंड्याच्या पुढे पाणी आदळून एक मऊ उशी तयार होते, तिथे अनेकदा सर्वांत चांगला मासा असतो आणि बहुतेक जण ती जागा सोडून धोंड्यामागे फेकतात. धोंड्याच्या दोन्ही बाजूंना जलद आणि मंद पाण्याची शिवण दिसते. फेस जिथून वाहतो तिथूनच किडेही वाहतात, म्हणून फेसाची रेघ पाहा. डोहाच्या तोंडाशी, जिथे खळाळ एकदम खोल होतो तिथेही, आणि संध्याकाळी शेपटीकडे, पाणी उथळ होण्याआधी, मासा असतो.

मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर जा. मात्र काठालगतच्या भोवऱ्यात पाणी उलटे फिरते. तिथला मासा नदीच्या खालच्या दिशेला तोंड करून असतो आणि खालून येणारा माणूस त्याला समोरून दिसतो. अशा जागी बाजूने, वाकून जा. माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या गोल खिडकीतून दिसते, आणि पाण्याच्या पातळीला लागून असलेले जवळजवळ दिसत नाही. म्हणून बसकी हालचाल, मळकट रंगाचे कपडे, आणि दगडावर बूट आपटणे टाळणे, यांचा खरोखर उपयोग होतो.

पाण्यात उतरण्याआधी जिथे पाय ठेवणार तिथेच पहिली माशी टाका. गुडघाभर पाण्यातले मासे पायाने उधळून पलीकडच्या काठाला फेकणे ही इथली सर्रास चूक आहे.

मोकळे वाहणे

तुम्ही आणि माशी यांच्यामध्ये जलद धार असली की ती लाइनचे पोट खाली नेते. दोन सेकंदांत लाइन ताणते आणि माशी आडवी ओढली जाते. तरंगणाऱ्या माशीमागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उठली तर ओढ लागली म्हणून समजा. रेघ न उठताही बारीक ओढ असू शकते. जवळच्या फेसाच्या बुडबुड्याशी माशीचा वेग ताडून पाहा, दोघांनी एकाच वेगाने जायला हवे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे जवळ जाणे. खळाळत्या पाण्याचा आवाज आणि हलता पृष्ठभाग आपल्याला झाकतो, म्हणून माशापासून चार-सहा मीटरवर पोचता येते. तिरपे वरच्या बाजूला फेका, रॉड उंच धरा, जेणेकरून फक्त लीडर पाण्यावर राहील आणि मधल्या धारेला लाइन सापडणारच नाही. माशी तुमच्याकडे वाहत येईल तशी ढील दुसऱ्या हाताने ओढत राहा.

अंतर जास्तच असेल तर मेंड करा. माशी पडताच रॉडच्या टोकाने लाइन उचलून अर्धवर्तुळात प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा. मधले पाणी माशीजवळच्या पाण्यापेक्षा मंद असेल तर मेंड खालच्या बाजूला. उशीर केला तर मेंडच माशीला ओढतो. टोकाने लाइन खेचू नका, उचलून ठेवा.

पाण्यावर किडे दिसत नसतील तर ट्राउट तळाशी खात असतो. नवशिक्याला आम्ही दोन माश्यांची जोडी सुचवतो. टिपेटला १२ नंबरची एल्क हेअर कॅडिस बांधा. तिच्या गळाच्या वाकावर ५एक्सचा ४५ ते ६० सेंटिमीटर धागा बांधून त्याला १६ नंबरची मण्याची फेझंट टेल लावा. वरची माशी तरंगत खुणेचे काम करते. ती थबकली, बुडाली किंवा बाजूला सरकली की लगेच रॉड उचला.

खोल धारेत खुणेचा तरंगक लावा आणि तो माशीपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर ठेवा. तळाचे पाणी वरच्यापेक्षा मंद वाहते, त्यामुळे तरंगक फेसापेक्षा किंचित हळू जाऊ लागला की माशी योग्य खोलीवर आहे. दहा फेकींत एकदाही तळाला लागली नाही तर मणी जड घ्या, प्रत्येक वेळी अडकली तर हलका घ्या. माशी बदलण्याआधी खोली बदला. मासे न लागण्याचे कारण बहुधा तेच असते.

मासा लागल्यावर

वर फेकलेल्या माशीवर मासा आला की रॉड लगेच पण हळुवार उचला, झटका ५एक्सला पेलत नाही. खालच्या बाजूला तिरपी फेकून प्रवाहात फिरवलेल्या माशीवर मात्र काहीच करू नका. मासा वळला की गळ आपोआप लागतो, घाईने ओढला तर तो तोंडातून निघून येतो.

रॉड वाकलेला ठेवा, लाइन बोटाखालून जाऊ द्या. मासा उजवीकडे निघाला की रॉड आडवा करून डावीकडे ताण द्या, म्हणजे तो लवकर दमतो. जाळ्याजवळ आणताना रॉड डोक्यामागे नेऊ नका. टोकाचा तुकडा तिथेच मोडतो. दर तासाने रॉडचे सांधे दाबून पाहा, सैल सांधाही तसाच मोडतो.

मासा सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. शक्यतो त्याला पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढा. फोटो काढायचा तर दहा सेकंदांत. गळ घशात खोल गेला असेल तर धागा कापा. माशाचे तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा.

पाय आणि पाणी

तळवे घट्ट पकडणारे बूट, कमरेला पट्टा, हातात काठी. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवा, प्रवाहाकडे छाती न करता कूस करा, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा उचला. गुडघ्यावर पाणी आले की या उतारावर परत फिरणे बरे. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पाने वाहून येऊ लागली, की काहीही न आवरता काठावर या. वर कुठेतरी पाऊस झालेला असतो.

लारजी धरणाच्या खाली कधीही पाण्यात उतरू नका. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ ब्यास नदीत अचानक सोडलेल्या पाण्याने हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी चढायला तिथे मिनिटेही लागत नाहीत.

परतल्यावर

लाइन कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन मऊ कापडाने पुसा. मळलेली लाइन तरंगत नाही आणि कड्यांतून अडखळते. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी बूट पूर्ण वाळवा, ओल्या तळव्यांतून एका नदीतले रोग दुसरीत जातात. रॉड ओलाच नळीत बंद केला तर मुठीच्या बुचावर बुरशी येते, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर आठवडाभरातच. वापरलेल्या माश्या पेटी उघडी ठेवून रात्रभर वाळू द्या. एक ओला गळ शेजारच्या सगळ्यांना गंज लावतो.